हा गोळा कोकमतेलाचा की मेणाचा?

आमच्या फ्रिजच्या दारात श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात दोन गोळे असतात, दोन्ही कागदात गुंडाळलेले. एक सावंतवाडीहून आलेलं कोकमतेल, दुसरं मधमाशीचं मेण. मळकट पांढरे, कडक, जवळजवळ बिनवासाचे. वहिनीने एका रात्री टाचांना लावायला म्हणून हाताला लागला तो गोळा उचलला, त्याचा तुकडा तळव्यात मळून मळून मऊ केला आणि टाचांवर थापला. वरून पायमोजे. सकाळी मोज्याचे धागे टाचेला चिकटलेले आणि भेगा जिथल्या तिथे. "तुमचं ते कोकमतेल बिघडलंय हो," म्हणाली. बिघडलं काहीच नव्हतं. तिने मेण लावलं होतं.

घरी मॉइश्चरायझरची वडी करायला निघालेल्या निम्म्या लोकांची हीच गफलत होते. दोन्ही घट्ट, दोन्ही वितळतात, दोन्ही "नैसर्गिक". मग एक कमी पडलं तर दुसरं घालू, असा हिशोब. तसं चालत नाही.

कोकमतेल हे तेलच आहे, फक्त आपल्या हवेत गोठलेलं. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं आमसुलाला जातात, रस आगळाला, आणि उरलेल्या बिया कोकणात कुणी फेकत नाही. त्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटायचा आणि ती पूड पाण्यात उकळायची. तेल वर तरंगतं. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर घट्ट पापुद्रा येतो. तो काढून, पुन्हा वितळवून, मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हेच मुठेल, आणि जिथे कोकमाला भिरंड म्हणतात तिथलं भिरंडेल. हे खातातही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोबटरच्या जोडीला ५ टक्क्यांपर्यंत सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ चालतात, त्या सहांत आपलं कोकमही आहे.

ते वितळतं साधारण ३८ ते ४० अंशांना. आपल्या कातडीचं वरचं तापमान त्याहून कमी, ३२-३३ च्या आसपास. म्हणून कोकमतेल अंगाला टेकवल्याबरोबर पाघळत नाही, चोळावं लागतं. चुलीशी किंवा दिव्याशी जरा धरून मग टाचेला लावायची जुनी रीत आहे, ती याचसाठी. एकदा पाघळलं की मात्र ते पसरतं, कोरड्या कातडीत मुरतं आणि फारसं तेलकट राहत नाही.

मेणाची तऱ्हा उलटी. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक चकत्यांच्या रूपात बाहेर येतं, तेव्हा जवळजवळ पांढरं असतं. पिवळेपणा नंतर परागांमुळे चढतो. त्याला वितळायला ६२ ते ६५ अंश लागतात. म्हणजे अंगावर ते कधीच वितळणार नाही, कितीही चोळा. मऊ होईल, चिकट होईल, पण मुरणार नाही. त्याचं काम वर बसून राहायचं.

हे आपल्या घरांत पूर्वी सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कोरडं कुंकू लावायच्या आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कुंकू दाबायचं. मेणाऐवजी तेल लावलं असतं तर दुपारपर्यंत कुंकू नाकावर ओघळलं असतं. मेण जागचं हलत नाही, म्हणून तर ते कुंकवाखाली. वहिनीच्या टाचेवर तेच झालं होतं.

रसायनाच्या भाषेत फरक एका ओळीचा. कोकमतेलात ग्लिसरीनच्या कण्याला तीन स्निग्धाम्लं जोडलेली असतात, जशी खोबरेलात किंवा तुपात. मेणात मुख्यतः एक लांबलचक अल्कोहोल आणि एक लांबलचक आम्ल यांची जोडी.

डब्यावर नाव नसेल तर ओळखायचं कसं? पाणी कडकडीत उकळा, थोडं निवू द्या, साधारण ५० अंशांवर आलं की वाटीत घेऊन दोन्हींचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका. कोकमतेलाचा तवंग होतो. मेण तसंच तरंगत राहतं. नखानेही कळतं: कोकमतेलाचा भुगा पडतो, मेणात खळगा पडतो. आणि देवघरातल्या मेणबत्तीचं मेण वेगळंच बरं का, ते बहुतेक पॅराफिन, खनिज तेलातून निघालेलं. ते वितळवून वडीत घातलं तर वडी होईल, पण मग "नैसर्गिक" म्हणू नका.

वडीला दोघंही लागतात. मी वजनाने १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम कोकमतेल, २५ ग्रॅम मेण आणि ३५ ग्रॅम तिळाचं तेल घेते. नुसतं कोकमतेल घेतलं तर मे महिन्यात डबीत तेलच सापडतं. मेणामुळे वडी उन्हाळ्यातही आकार सोडत नाही, आणि कातडीवर एक पातळ थर राहून आतली ओल लवकर उडत नाही. पहिल्या खेपेला मी गोळे ओळखण्यात चुकले आणि ही दोन मापं उलटी पडली. वडी अशी ठणठणीत झाली की हातावर घासली तर कातडी लाल व्हायची, वडी झिजायची नाही. शेवटी शिवणाच्या दोऱ्याला लावायला वापरली.

पातेल्यात पाणी, त्यात स्टीलची वाटी. थेट आचेवर मेण ठेवू नये, ते पेट घेतं. आधी मेण वितळवा, कारण त्यालाच जास्त उष्णता लागते, मग कोकमतेल, शेवटी तेल. साच्याला इडलीपात्र चालतं. ओतल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तूप कणीदार व्हावं म्हणून आपण ते सावकाश निवू देतो ना, इथे नेमकं ते नको. सावकाश निवलेली वडी रवाळ लागू शकते.

गुलाबपाणी, कोरफडीचा ताजा गर यातलं काही घालू नका. तेलात ते मिसळत नाही, आणि पाण्याचा अंश राहिला की बुरशी येते. वडीत पाणी नाही, म्हणूनच ती टिकवण्यासाठी वेगळं द्रव्य न घालताही टिकते. पाणी आपल्या अंगावर असू द्यावं: आंघोळीनंतर अंग अर्धवट टिपून, ओलसर असतानाच वडी फिरवावी. वडीला मात्र ओला हात लावू नका.

मेणाची वाटी बेसिनमध्ये धुतलीत तर पाइप तुंबतो. गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायची. तो कागद आमच्याकडे बंब पेटवायला जातो.