डायोनिसिया: सण वेगळा, नाव वेगळं

ग्रीक नाटकाबद्दल वाचताना डायोनिसिया नावाचा सण भेटतो आणि रोमच्या इतिहासात त्याच नावाची एक नर्तकी. सणावरून बाईचं नाव पडलं असावं, असं पटकन वाटतं. पण दोन्ही शब्द डायोनिसस या मद्याच्या आणि नाटकाच्या देवावरून आले आहेत. विष्णूवरून ‘वैष्णव’ आणि ‘वैष्णवी’ आले, तसे.

घोळ व्याकरणाचा आहे आणि तो मराठी माणसाला लगेच उमगेल. ‘ती फुलं’ आणि ‘ती मुलगी’ यांतला ‘ती’ दिसायला एकच, पण पहिला नपुंसकलिंगी अनेकवचनी, दुसरा स्त्रीलिंगी एकवचनी. सणाचा डायोनिसिया फुलांच्या ‘ती’सारखा: डायोनिससची कार्यं. मुलीचं नाव दुसऱ्या ‘ती’सारखं: डायोनिससची. ग्रीक माणूस बोलताना हा भेद ऐकवायचा. सणाच्या शब्दात जोर ‘नि’वर, नावात ‘सि’वर. लॅटिनमध्ये दोन्हीकडे जोर ‘नि’वरच पडतो, त्यामुळे कानाला कळणारी तेवढी खूणही गेली.

सणाचा थाट मोठा होता. अथेन्समध्ये वसंताच्या सुरुवातीला, अ‍ॅक्रोपोलिस या टेकडीच्या दक्षिण उतारावर, तीन नाटककार स्पर्धेत उतरत. प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक सॅटर-नाटक, म्हणजे डायोनिससच्या अर्धपशू सोबत्यांचं विनोदी नाटक. पुरुषांचे दहा आणि मुलांचे दहा गायनवृंद, प्रत्येकी ५० जणांचे, म्हणजे एक हजार कंठ! खेड्यापाड्यांतला डायोनिसिया हिवाळ्यात होई, तो साधा.

नावाचा प्रवास शांत. लॅटिन डायोनिसियाचं फ्रेंचमध्ये ‘दनीज’ झालं आणि तेच इंग्रजीत गेलं.

पण एका प्रसंगात नाव आणि रंगभूमी पुन्हा भेटतात, आणि मला तो फार आवडतो. इ.स.पू. ६२ मध्ये रोममध्ये पब्लियस सुल्ला या राजकारण्याच्या खटल्यात विरोधी बाजूच्या टॉर्क्वाटसने हॉर्टेन्सियस या वकिलाला, त्याच्या नटव्या हातवाऱ्यांवरून, त्या नर्तकीच्या नावाने ‘डायोनिसिया’ म्हणून हिणवलं. हॉर्टेन्सियस मऊ आवाजात म्हणाला, तुझ्यासारखा होण्यापेक्षा मी डायोनिसिया झालेलं बरं. मग टॉर्क्वाटसला त्याने तीन ग्रीक विशेषणं लावली: कलेचा गंध नसलेला, लावण्य नसलेला, आणि तिसरं ‘अप्रोसदिओनुसोस’, डायोनिससशी काही संबंध नसलेला. या तिसऱ्या शब्दामागे ग्रीकांची जुनी म्हण होती. देवाच्या उत्सवात भलत्याच विषयाचं नाटक लागलं की ते म्हणत, “यात डायोनिससचं काहीच नाही!”