जोरात वाजवलं की परत येणारा आवाज

गिटार ॲम्पचा आवाज वाजवता वाजवता बसतो, नुसती खरखर उरते, आणि तारांवर एक दणदणीत हात मारला की पुन्हा पहिल्यासारखा येतो. असं झालं की घोळक्यातलं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, 'ट्यूब गेली.' ट्यूब म्हणजे काही ॲम्पमधली काचेची निर्वात नळी; ती नसलेल्या, निव्वळ ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पबद्दलही हे निदान ऐकायला मिळतं! खर्च तिथूनच सुरू होतो.

आधी केबल बदलावी. पुष्कळदा गुन्हेगार तीच असते. मग दुसरी गिटार लावून बघावी. दोन्ही निर्दोष निघाल्या तर ॲम्पच्या मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत का पाहा. हा इफेक्ट्स लूप. प्रीॲम्पचा, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याचा, सिग्नल सेंडमधून आवाजाला रंग देणाऱ्या पेडलकडे जातो आणि रिटर्नमधून पॉवर ॲम्पकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या टप्प्याकडे, परततो. कित्येकांनी तिथे जन्मात काही लावलेलं नसतं, पण सिग्नल तिथूनच जात असतो. पुष्कळ ॲम्पच्या रिटर्न जॅकमध्ये, म्हणजे त्या भोकात, एक लवचीक पत्ती असते. केबलची पिन घातली की ती उचलली जाते. पिन नसेल तेव्हा दुसऱ्या पत्तीला टेकून सिग्नल पुढे सोडते. न वापरलेल्या भोकातल्या त्या टेकण्यावर अख्खा आवाज अवलंबून!

खरी गंमत या टेकण्यातच आहे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. नुकताच टाकी लावलेल्या पाट्यावर वरवंटा ठेवावा, तसे दोन पृष्ठभाग मोजक्या टोकांवरच भेटतात. त्या टोकांवर ऑक्साइडचा, चांदीचा मुलामा असेल तर सल्फाइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. या थराचा रोध व्होल्टेजप्रमाणे बदलतो, म्हणजे शाळेतला ओहमचा नियम इथे बाजूला ठेवावा लागतो. थर 10 नॅनोमीटरचा आणि त्यावर 1 व्होल्ट पडला, तर विद्युतक्षेत्र होतं मीटरला 10 कोटी व्होल्ट. हवेत साधारण 30 लाखांवरच ठिणगी पडते. एवढ्या क्षेत्रात थर कुठेतरी भेदला जातो आणि त्या छिद्रातून धातूचा अतिसूक्ष्म पूल तयार होतो. याला फ्रिटिंग म्हणतात. जोरदार स्ट्रमने व्होल्टेज चढतं, पूल बांधला जातो, आवाज परततो. स्पीकरच्या हादऱ्याने पत्ती किंचित सरकली की पूल मोडतो. पंख्याच्या बटणात 230 व्होल्टपुढे थराची डाळ शिजत नाही. लूपमध्ये मात्र जेमतेम एखादा व्होल्ट आणि प्रवाह अगदीच क्षीण, त्यामुळे पूल बांधला गेला तरी तकलादूच.

रेडिओच्या बाल्यावस्थेतला, रेडिओ लहरी टिपणारा कोहेरर याच कुळातला. 1890 साली फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांना दिसलं, की जवळ ठिणगी पडली तर नळीतला धातूचा कीस वीज वाहू देतो, आणि टिचकी मारली की पुन्हा अडवतो. 1899 मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लोखंड आणि पाऱ्याचा, टिचकीची गरज नसलेला कोहेरर मांडला. ब्रान्लींची टिचकी संपर्क तोडायला होती. आपण ॲम्पला टपली मारतो ती जोडायला.

आणि हो, ऑक्सिजनमुक्त तांब्याची, वाजवून वाजवून 'मुरवायची' महागडी केबल घेतल्याने या पत्तीला काडीचा फरक पडत नाही. त्यापेक्षा ॲम्पला लिंबू-मिरची बांधा, निदान स्वस्तात पडेल.

परीक्षा सोपी आहे. एक छोटी केबल सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावा. आवाज स्थिरावला तर दोष त्या पत्तीत. मग ॲम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा आणि पिन पुन्हा पुन्हा आत-बाहेर करा. थर घासून निघतो. थोड्या दिवसांत तक्रार परत आली तर जॅकच बदलावा.

केबल लावूनही फरक पडला नाही आणि ॲम्प तापल्यावरच आवाज जात असेल, तर संशय सोल्डरवर, म्हणजे सुटे भाग बोर्डाला जोडणाऱ्या डाखावर. सर्किट बोर्ड तापला की जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा जास्त फुगतो. हे वर्षानुवर्षं घडत राहिलं की सुट्या भागांच्या तारेच्या पायांभोवतीच्या सोल्डरला गोल चीर पडते. भिंगाखाली ती बारीक काळी रेघ दिसते. पण ट्यूबच्या ॲम्पचं झाकण त्यासाठी स्वतः उघडू नका. आत 400 व्होल्टच्या आसपास खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, तो भार धरून बसू शकतात.