ग्राइंडरआधी शेगडा घ्या
घरच्या धातुकामासाठी हातहत्यारं की मशीन : ग्राहकांसाठी माहिती

घरी लोखंडकाम करायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला ग्राइंडर मागतात. आम्ही तो विकतोही, पण आधी विचारतो, घरी शेगडा, म्हणजे माल आवळून धरणारा बेंच व्हाइस, आहे का? माल घट्ट धरलेला नसेल तर कानस थरथरते, हॅकसॉचं पातं मोडतं आणि ग्राइंडर हातातून उसळतो. म्हणून पहिले पैसे 4 इंची शेगड्यात घाला. मशीन नंतरही घेता येईल.

चतुर्थीच्या मखराची चौकट, कुंड्यांचा स्टँड, फाटकाची कडी एवढंच काम असेल तर हॅकसॉ, एक चपटी आणि एक गोल कानस, बऱ्यापैकी वजनाची हातोडी, एवढ्यावर भागतं. 25 बाय 3 मिमीची पट्टी शेगड्यात धरून न तापवताही वाकते. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला हवेत आणि मालाच्या जाडीवर निदान तीन दात टेकायला हवेत. 5-6 मिमीच्या अँगलला इंचाला 18 दातांचं पातं चालतं, पातळ पाइपला 32 दातांचं घ्या. पाइपवर 18चं चालवलंत तर दात अडकून झडलेच म्हणून समजा.

वेल्डिंगच्या गाठी उतरवायच्या असतील, जुन्या ग्रिलचा गंज काढायचा असेल किंवा ढीगभर अँगल कापायचे असतील, तर मात्र हाताने घाम गाळू नका. तिथे 4 इंची ग्राइंडर हवा. तो मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. डिस्कवर छापलेला आकडा त्याहून कमी नसावा. कटिंग डिस्कच्या सपाट बाजूने घासू नका, ती फुटते. घासायला फ्लॅप डिस्क असते. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असेल तर तीही बघा, आणि ओल लागलेली डिस्क वापरूच नका. गार्ड काढून ठेवणाऱ्यांना आम्ही दोन शब्द सुनावतो, राग मानू नये. चष्म्याबद्दलही तेच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते छपराच्या कलर कोटेड पत्र्याचं. तो सर्रास ग्राइंडरने कापला जातो. त्याने कडेचा रंग आणि खालचा जस्ताचा थर जळतो, शिवाय ठिणग्यांतले तापलेले कण रंगात रुतून बसतात. खारी हवा आणि पाऊस लागला की नेमके तिथेच तांबूस ठिपके उठतात. मग लोक पत्रेवाल्याच्या नावाने बोटं मोडतात! असा पत्रा कात्रीने कापा. चांगल्या पत्राकात्रीने 18 गेजपर्यंतचा, म्हणजे सुमारे 1.2 मिमीचा साधा पत्रा कापता येतो. लांबच लांब काप असतील तर ड्रिलला जोडायचा निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं हत्यार, घ्या. त्यात ठिणग्या उडत नाहीत.

स्टेनलेस स्टीलवर वापरायची डिस्क आणि कानस वेगळी ठेवा. लोखंडावर फिरवलेली स्टीलवर चालवली तर लोखंडाचे कण चिकटतात आणि स्टीलवरही गंज दिसतो. ॲल्युमिनियम घासताना कानशीच्या दातांत खडू चोळा, म्हणजे चुरा भरत नाही. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून कानशीला तेल मात्र चोपडू नका, ती मालावर घसरते. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवलेली बरी.

दुकानात येताना कापायच्या मालाचा तुकडा बरोबर आणा, हत्यार त्यावर चालवूनच दाखवू. दुपारी 1 ते 3.30 दुकान बंद असतं.