सळईचे वजन

काँक्रीटमध्ये घालायची सळई नकाशात व्यास, संख्या आणि लांबी या रूपांत दाखवलेली असते, पण तिची खरेदी किलो आणि टनांत होते. या दोन मापांना जोडणारे गणित म्हणजे सळईचे वजन काढणे. अंदाजपत्रक, साहित्याची मागणी, ठेकेदाराचे बिल आणि आलेल्या मालाची तपासणी ही सगळी कामे त्यावर चालतात.

पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरतात. सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढून त्याला ०.००७८५ने गुणले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. गोल छेदासाठी हेच गणित आटोपशीर केले, तर मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२ असे सूत्र हाती येते. फुटावर हिशेब करणारे १६२ऐवजी ५३३ने भागतात. १६२च्या सूत्रानुसार मीटरला ८ मिमी सळई ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८८, १६ मिमी १.५८ आणि २० मिमी २.४७ किलो भरते. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते. जुने फिटर अजूनही सळई सुतात सांगतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि १२ मिमीला ते 'चार सूत' म्हणतात. पण चार सूत खरोखर १२.७ मिमी होतात, म्हणून सुतावरून वजन काढल्यास ते सुमारे १२ टक्के जास्त येते. बोलताना सूत चालेल, हिशेबात मिलिमीटरच हवेत.

आजच्या सळईच्या अंगावर उंचावलेल्या धारा (रिब) असतात, त्यामुळे व्यास मोजायचा व्हर्नियर कुठे लावावा हाच प्रश्न पडतो. भारतीय मानक आयएस १७८६ने त्याचे उत्तर वजनातच शोधले आहे: सळईचा ठरावीक लांबीचा तुकडा तोलायचा आणि त्याच्या वजनाला लांबी व ०.००७८५ यांच्या गुणाकाराने भागायचे. जे येईल ते तिच्या छेदाचे हिशेबात धरायचे, म्हणजे 'इफेक्टिव्ह', क्षेत्रफळ. अभियंता ताणाचे गणित क्षेत्रफळावर मांडतो, म्हणजे सळईचे वजन हा तिच्या ताकदीचाही पुरावा असतो. वजनाकडे केवळ व्यापाराची बाब म्हणून पाहणे त्यामुळे चुकीचे आहे.

रोलिंग मिलमध्ये रोळांच्या खाचा झिजत जातात आणि सळई हळूहळू जाड होते, म्हणून वजनात थोडा फरक पडणारच. याच मानकाप्रमाणे संपूर्ण लॉटसाठी १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईसाठी ३ टक्के कमीजास्त चालते. बारा मीटरची ८ मिमी सळई सूत्राने ४.७४ किलोची, म्हणजे टनात साधारण २११ नग. सात टक्के हलकी असेल तर त्याच टनात सुमारे २२७ नग बसतात. काट्यावर तोलून घेणाऱ्याला हा फायदा वाटतो. पण स्लॅबमध्ये सळ्या संख्येने आणि अंतराने बांधल्या जातात, त्यामुळे काँक्रीटमध्ये पोलाद तेवढे कमी जाते. आणि बिल सूत्राच्या वजनावर निघाले, तर न घातलेल्या लोखंडाचेही पैसे मोजावे लागतात. म्हणूनच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांत असा नियम आहे की सळई प्रमाणित वजनापेक्षा हलकी पण मर्यादेत असेल तर प्रत्यक्ष वजन धरावे, आणि जड असेल तर प्रमाणितच. जालन्यासारख्या ठिकाणच्या मिलमधून गाडी आली की वजनकाट्याच्या पावतीवर न थांबता नगही मोजावेत आणि प्रत्येक व्यासाचा एक मीटर तुकडा कापून तोलावा.

लांबी काढताना मात्र नकाशातील माप पुरत नाही. तीन मीटर उंच कॉलममध्ये १६ मिमीच्या आठ सळ्या असल्या आणि जोडाला, म्हणजे दोन सळ्या एकमेकींवर चढवायच्या लांबीला, व्यासाच्या ५० पट, म्हणजे ०.८ मीटर धरले, तर एकूण लांबी ३०.४ मीटर आणि वजन सुमारे ४८ किलो होते. जोड विसरल्यास हिशेब ३८ किलोंवरच थांबतो. उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांसाठी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, वजा करून बाजूंची बेरीज घेतात, त्यात टोकांच्या हुकांची लांबी मिळवतात आणि वाकवताना होणारी वाढ कमी करतात.

प्लेटचे गणित सोपे आहे: एक चौरस मीटर प्लेटचे वजन तिच्या मिलिमीटरमधील जाडीच्या ७.८५ पट, म्हणून १० मिमीची प्लेट ७८.५ किलो. गोल पाइपसाठी मिलिमीटरमधील बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करून उत्तराला जाडीने आणि ०.०२४६६ने गुणले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते.