अहल्या ते अहिल्या

संस्कृत पोथ्यांत हे नाव ‘अहल्या’ असे आहे. मराठी जिभेने त्यात एक ‘इ’ घातली आणि तीच इथे रुळली.

अर्थाबद्दल जुन्यांचे एकमत नाही. हल म्हणजे नांगर. जिला नांगर लागलेला नाही अशी जमीन, हा सरळ अर्थ. रामायणाचे उत्तरकांड वेगळेच सांगते: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. जुने तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट यांनी तर अहल्या म्हणजे दिवसात लय पावणारी रात्र आणि इंद्र म्हणजे सूर्य असे ठरवून सगळे प्रकरणच आभाळात नेऊन ठेवले. इंद्राची अब्रू वाचली. अहल्येला काय वाटले, हे विचारायचे राहूनच गेले.

शिळाही मागाहूनची. बालकांडात शापित अहल्या वारा भक्षून, राखेत पडून, कुणाला न दिसता राहते. कालिदासाच्या रघुवंशात ती दगडाची झालेली आहे, आणि लोकांच्या मनात तीच शिळा पक्की बसली. तरी सकाळी म्हणायच्या पंचकन्यांच्या श्लोकात पहिले नाव तिचेच. मुलीला हे नाव ठेवताना शापाची आठवण आड आली नाही, ती बहुधा या श्लोकामुळेच. त्र्यंबकेश्वर तर गौतमाचे क्षेत्र; तिथे गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नदीलाही अहिल्याच म्हणतात.

मग 1725 साली चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या घरी जन्मलेल्या मुलीने या नावाचा अर्थच बदलून टाकला. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर 1795 पर्यंत होळकरांचा कारभार अहिल्याबाईंनी महेश्वरातून पाहिला. काशीपासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत त्यांनी देवळे उभारली, घाट बांधले. आज ‘अहिल्या’ म्हटले की मराठी माणसाला आधी त्या आठवतात, गौतमाची पत्नी नंतर.

इंदूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, 2019 मध्ये सोलापूरच्या विद्यापीठालाही मिळाले, आणि 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यांच्या नावाआधी लागणारे ‘पुण्यश्लोक’ हे बिरुद मुळात नळ आणि युधिष्ठिर यांचे. तेही सकाळच्याच एका श्लोकातले.