हिग्ली नाण्यांची पार्श्वभूमी

ब्रिटनने आपल्या अमेरिकी वसाहतींना टांकसाळ चालवण्याची मोकळीक दिली नाही आणि रोजच्या व्यवहारापुरती सुटी नाणीही पाठवली नाहीत. बोस्टनमध्ये १६५२ साली सुरू झालेली टांकसाळ १६८०च्या दशकात बंद पडली. त्यानंतर स्पॅनिश चांदी, घसरत्या किमतीच्या कागदी नोटा आणि धान्यासारख्या वस्तू यांवर कसाबसा व्यवहार चाले. मोडीची चणचण कायमच असे.

कनेटिकट वसाहतीतील सिम्सबरी परिसरात १७०५च्या सुमारास तांबे सापडले होते. त्याच भागात, आज ग्रॅन्बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, सॅम्युअल हिग्ली याची स्वतःची खाण होती. वैद्यकी आणि लोहारकाम दोन्ही जाणणाऱ्या या उद्योगी गृहस्थाने त्याआधी पोलाद तयार करण्याचा प्रयोगही केला होता. त्याने कोणत्याही सरकारी परवान्याविना १७३७ मध्ये आपल्याच तांब्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला हरिण होते, दुसऱ्या बाजूला मुकुटधारी तीन हातोडे, आणि मूल्य तीन पेन्स असल्याचा मुद्रालेख.

इथेच अडचण होती. नाण्याचा आकार साधारण इंग्लिश अर्ध्या पेनीएवढा असताना त्याची किंमत तिच्या सहापट सांगितली जात होती. हिग्ली मद्यालयात याच नाण्यांनी पैसे चुकवत असे आणि शेवटी मालकाने ती नाकारली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, नाण्यावरचा मजकूर मात्र खरोखरच बदलला. नव्या नाण्यांवर ‘तुम्हाला वाटेल ते माझे मोल करा’ आणि ‘मी चांगले तांबे आहे’ असे शब्द आले. गंमत अशी की, मोल ठरवण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्याला देऊनही खाली तीनचा रोमन आकडा तसाच राहिला!

सॅम्युअल १७३७ मध्येच, स्वतःचे तांबे घेऊन इंग्लंडला जात असताना, समुद्रप्रवासात मरण पावला. त्यानंतरची, कुऱ्हाडीचे चित्र आणि ‘मी माझी वाट कापत जातो’ हा लेख असलेली नाणी, ज्यांपैकी काहींवर १७३९ हे साल आहे, त्याचा थोरला भाऊ जॉन आणि साथीदारांनी पाडली असावीत, असे मानले जाते.

या नाण्यांचे तांबे बरेच शुद्ध, म्हणून मऊ होते. त्यामुळे ती लवकर झिजत, आणि सोन्यात मिसळण्यासाठी सोनार ती वितळवत. उरलेली नाणी फारच थोडी आहेत आणि बहुतेकांवरचा ठसा पुसट झाला आहे. त्यातच एकोणिसाव्या शतकात त्यांच्या प्रतिकृती पाडल्या गेल्या, त्यामुळे एखादे हिग्ली नाणे समोर आले की त्याच्या अस्सलपणाचा प्रश्न किमतीच्या आधी विचारला जातो.