भरघोस साल, तुटपुंजं क्विनीन: सिंकोनाच्या निवडीची पार्श्वभूमी

हिवतापावरचं क्विनीन, आजी-पणजीच्या तोंडचं कोयनेल, दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून मिळतं. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते वेगळं काढलं. त्यामुळे सालीतलं औषध मोजता येऊ लागलं. तरी लागवड करणाऱ्यांची नजर बराच काळ झाडाच्या जोमावरच राहिली.

याचा फटका आधी डचांना बसला. त्यांनी जावा बेटावर ‘पाहुडियाना’ ही जात लाखोंनी लावली. झाडं झपाट्याने वाढली, पण सालीत क्विनीन नावालाच निघालं. इंग्रजांनी १८६० नंतर निलगिरीत तांबड्या सालीचा ‘सुक्सिरुब्रा’ आणला. हा काटक, लवकर वाढणारा, जाड सालीचा. पण त्याच्या अल्कलॉइडांत, म्हणजे सालीतल्या औषधी द्रव्यांत, क्विनीनचा वाटा कमी. उटीला लागवड सांभाळणाऱ्या मॅकआयव्हरने साल सोलल्यावर खोडाला शेवाळ गुंडाळायला सुरुवात केली. नवी साल धरायची आणि तिच्यात क्विनीनही जास्त भरायचं. हिकमत चांगली होती, तरी झाडाचा मूळ पिंड बदलत नव्हता.

तो बदलला बोलिव्हियाच्या बियाण्याने. चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याचा माणूस मॅन्युएल इंक्रा मामानी हा तिथला स्थानिक. कोणती झाडं कसाची, हे तो जाणत होता. त्याने जमवलेलं बी इंग्रज सरकारने नाकारलं आणि १८६५ मध्ये त्यातलं थोडं डचांनी घेतलं. पुढे जावातल्या या झाडांच्या सालीत ८ ते १३ टक्के क्विनीन सापडलं. जातीला नाव मिळालं लेजरचं. मामानीने मात्र बी बाहेर दिल्याबद्दल तुरुंगात मार खाल्ला आणि सुटल्यावर लवकरच तो मेला. या हकिगतीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

पण लेजरियाना नाजूक, मुळं अशक्त. शिवाय सिंकोनात परपरागीभवन होतं. जवळ दुसरी जात असली की बियाण्यात भेसळ ठरलेली. म्हणून डचांनी निवडक झाडं वेगळी राखली, प्रत्येकाची साल तपासली आणि सुक्सिरुब्राच्या खुंटावर लेजरियानाची कलमं बांधली. जोम खालच्याचा, औषध वरच्याचं. विसाव्या शतकात जगातलं बहुतेक क्विनीन जावाच्या सालीतून येऊ लागलं.

सुक्सिरुब्रा तेवढ्याने बाद झाला नाही. १८६६ ते १८६८ दरम्यान मद्रासच्या आयोगाने सालीतली चारही मुख्य अल्कलॉइडं रुग्णांवर वापरून पाहिली. क्विनीनखेरीज क्विनिडीन, सिंकोनिन आणि सिंकोनिडीनही हिवतापावर चालतात, असं दिसलं. मग दार्जिलिंगकडे त्यांचं मिश्रणच स्वस्त तापनाशक म्हणून तयार होऊ लागलं. शुद्ध क्विनीन न परवडणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने कमी टक्क्याचं हे झाड पुरेसं गुणकारी होतं.